तिकिटाच्या मागे

तालुक्यात पहिली आले होते मी,
गणितात नव्हे, पाठांतरात.
किनवटला ओट्यावर बसून मोठ्यानं म्हणायचे सगळं.
शेजारच्या कावेरीकाकू भांडी घासता घासता
व्याख्येतला शब्द गळला की टोकायच्या.
अर्थ त्यांना ठाऊक नव्हता.
मलाही.

पुण्यात आल्यावर पहिल्याच रविवारी
वारजेच्या खोलीत, सात रंगांच्या स्केचपेननी
वेळापत्रक केलं. पहाटे पाच हिरवी, रात्री अकरा जांभळी.
रुखसार म्हणाली, "रांगोळी छान झालीय.
पुसायची कधी?"
मंगळवारी पुसली.

मोबाईल तांदळाच्या डब्यात पुरला,
तर तासाला तीनदा भाताची आठवण येऊ लागली.
झेरॉक्स मात्र भरपूर:
कुणाकुणाच्या नोट्स, स्पायरल लावून, पलंगाखाली.
रात्री त्यांच्यावर झोपायचे
आणि वाटायचं, चाललाय अभ्यास.

चाचणीत तीसपैकी सात.
नाडगौडा मॅडमनी उत्तरावर काट मारली नव्हती,
खाली फक्त विचारलं होतं:
"हे कुणाचे शब्द?"

त्या संध्याकाळी विद्यापीठाच्या गेटवर
बस मिळाली, खिडकीही मिळाली,
आणि मी तिकीट चुरगळत बसले.
मग उगाच उलटं केलं. कोरं होतं.
दोन बोटांएवढा कागद.
सकाळच्या तासातलं आठवेल तेवढं
वही न उघडता त्यावर लिहिलं, पेन्सिलीनं.
दोनच ओळी झाल्या, त्यातली एक चुकलेली.
पण ती चूक
माझी स्वतःची होती.

मग रोजच.
म्हसोबा गेटच्या खड्ड्यात सिग्माचं शेपूट लांबायचं,
डेक्कनला बस बदलताना वाक्य अर्धं राहायचं,
उरलेलं कर्वेनगरच्या सिग्नलला.
तिकिटावर जे मावत नाही
ते मला अजून कळलेलं नाही, एवढं समजलं.
रात्री नऊला, ताटं विसळून झाली की
तिकीट समोर ठेवायचं, मग वही उघडायची,
काय सुटलं ते बघायचं. अर्धा तास.
पहाटे पाच मला कधीच जमलं नाही,
आता सांगायला लाजही वाटत नाही.

डिसेंबरात आप्पांचा फोन:
"पास काढ बाई, रोज किती घालवतेस तिकिटाला!"
काढला. पैसे वाचले,
आणि पहिल्याच दिवशी बसमध्ये
हात रिकामा, डोकंही रिकामं.
वहीचं पान फाडून बघितलं, पण ते फार मोठं.
इतकी जागा दिसली की मी पुन्हा पाठ केलेलं लिहायला लागते.

शेवटी कंडक्टर भिंगारदिवे ताईंकडे तिकीट मागितलं.
"पास आहे ना? मग?"
सांगितलं सगळं.
विनातिकीट माणसाकडे बघावं तसं बघितलं त्यांनी,
मग मशीनमधल्या संपत आलेल्या रोलची
गुलाबी कडेची शेपटी टर्रकन फाडली.
"घे. माझा पोरगा दहावीला आहे.
एकदा येऊन त्याला सांग हे.
माझं ऐकत नाही."

आता एप्रिल.
बाकरवडीच्या डब्यातली तिकिटं
काल फरशीवर ओळीनं लावली.
पुढची छपाई उडून गेलीय साऱ्यांची:
तारीख नाही, भाडं नाही,
कुठून कुठे, तेही नाही.
मागची पेन्सिल तेवढी जागेवर.

एक तिकीट मात्र दोन्हीकडून कोरं.
केंद्रीय सीमा प्रमेय.
चारदा लिहून चारदा खोडलंय,
कागद इतका विरलाय की दिव्यासमोर धरला
तर पलीकडची रुखसार दिसते, कुकरपाशी.

पेपर सोमवारी.
"झालं का गं?" ती विचारते.
"नाही," म्हणते मी,
आणि पेन्सिलीला टोक काढते.